कडी, पाणी, बादली

यंदाच्या अंकाचा विषय ‘आडोसा’ असल्याचं संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी तिथल्या तिथे कळवून टाकलं की मी शाळेतल्या मुलींच्या मुतारीवर लिहिणार, आणि त्यासाठी खोपोलीकडे जाणार. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, “खोपोलीच का?” उत्तर सोपं होतं. पाण्यामुळे.

बोरघाटाच्या पायथ्याचं हे गाव पाण्यावर मोठं झालं. लोणावळा, वळवण, शिरवता या घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी टाटांनी मोठाल्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरवलं. १९१५ पासून इथल्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली आणि यंत्रांतून सुटलेलं तेच पाणी पाताळगंगेतून रसायनीच्या कारखान्यांपर्यंत पोहोचलं. याच खालापूर तालुक्यात चौकच्या बाजूला मोरबे धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबई पिते. पावसाळ्यात तर डोंगराच्या प्रत्येक घळीतून धबधबा कोसळत असतो आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं त्याखाली भिजायला येतात. त्याच डोंगरांच्या कुशीतल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर एप्रिल उजाडला की बायका झऱ्याशी हंड्यांची रांग लावतात.

पाळीच्या स्वच्छतेवर बोलायचं म्हटलं की लोक पॅडवर बोलतात. वाटपाचे फोटो निघतात, पाकिटावर दात्याचं नाव छापता येतं. मला पॅडच्या अलीकडचं आणि पलीकडचं बघायचं होतं. पॅड बदलायला मुलगी कुठे जाते, तिथे पाणी आहे का, दाराला कडी आहे का, आणि बदललेलं ती टाकते कुठे?

नऊ तास

डोंगराकडेच्या एखाद्या वाडीवरची सातवी-आठवीतली मुलगी घ्या. सकाळी नऊला ती घर सोडते. पायवाटेनं रस्त्यापर्यंत, तिथून मिळेल त्या सहा आसनी रिक्षेनं किंवा एसटीनं शाळा. पाचला शाळा सुटते, गाडी मिळून घरी पोहोचायला सहा वाजतात. हे झाले नऊ तास. पॅड असो की कपडा, चार ते सहा तासांनी तो बदलायला हवा असं डॉक्टर सांगतात. म्हणजे शाळेत एकदा तरी बदलणं आलंच.

प्रत्यक्षात बहुतेक मुली शाळेत बदलत नाहीत. त्या कपड्याची घडी दुप्पट जाड करतात, पॅडखाली आणखी एक पॅड लावतात, ओढणी मागे सोडून बसतात आणि मधल्या सुट्टीत जागची हलत नाहीत. लघवीला जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणी कमी पितात. हे शेवटचं पाळीपुरतं नसतं, महिनाभर चालतं. लघवीच्या जागी जळजळ, ताप, पोटात दुखणं या तक्रारी घेऊन आलेल्या मुलीला आरोग्य केंद्रात पहिला सल्ला मिळतो तो भरपूर पाणी पिण्याचा. मुलगी मान डोलावते. पाणी का पीत नाही, हे तिला कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

हजेरीपटात यातलं काहीच दिसत नाही. एका शिक्षिकेनं मला तिच्या वर्गाचा पट दाखवला. महिन्याच्या ठरावीक दिवसांत काही नावांपुढे सलग दोन-तीन दिवस गैरहजेरी होती आणि कारणाच्या जागी ‘पोटदुखी’, ‘घरकाम’, ‘पाहुणे’ असं होतं. “सर पट तपासतात तेव्हा मला विचारतात, हिच्याकडे इतके पाहुणे कसे येतात,” ती म्हणाली. सरांना तिनं अजून उत्तर दिलेलं नाही.

किल्ली कुणाकडे

महामार्गाच्या बाजूच्या एका शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह बाहेरून बघण्यासारखं आहे. फिकट निळ्या फरशा, वर काळी टाकी, दारावर एका कारखान्याच्या सौजन्याची पाटी. आणि दाराला कुलूप. किल्ली कार्यालयात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागच्या फळीवर, खिळ्याला टांगलेली. मुलीला जायचं असेल तर वर्गात बाईंची परवानगी, मग कार्यालयात सरांसमोर उभं राहून किल्ली, मग परत करायला पुन्हा सरांसमोर. महिन्याच्या त्या दिवसांत एखादी मुलगी दुपारी दोनदा किल्ली मागायला आली की कार्यालयात बसलेल्या सगळ्यांना कळतं. म्हणून ती येत नाही.

कुलूप का, याचं कारणही खोटं नाही. शाळेला कुंपण नाही, संध्याकाळी मैदानावर बाहेरची पोरं बसतात, सकाळी आत बाटल्या सापडतात, तोट्या चोरीला जातात. मुख्याध्यापकांनी एकदा नव्या तोट्या स्वतःच्या पैशानं बसवल्या, त्याही गेल्या. मग त्यांनी कुलूप लावलं. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही लावलं असतं. फक्त किल्ली दुसरीकडे ठेवली असती.

आत गेलं की बाकीचं समजतं. टाकीपासून आलेला नळ बाहेरच्या भिंतीपर्यंत आहे, आत नाही. म्हणजे बादली भरून आत न्यायची. बादली एकच, तिचा कान तुटलेला. कोकणातल्या पावसात लाकडी दार फुगतं आणि लोखंडी दाराच्या बिजागऱ्या गंजतात, त्यामुळे कडी कोंड्यात बसत नाही. एका मुलीनं आत जायचं तर दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं. पण तासाला एका वेळी एकालाच बाहेर सोडायचं हा वर्गाचा नियम. या एका नियमापायी ते अख्खं स्वच्छतागृह पाळीच्या दिवसांत निकामी होतं. कुठल्याही पाहणीच्या तक्त्यात ते ‘उपलब्ध’ म्हणूनच मोजलं जाईल.

मोजणीचा हा घोळ देशभरचा आहे. १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधायची घोषणा केली आणि वर्षानंतर चार लाख १७ हजारांवर स्वच्छतागृहं बांधून झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. त्यातली बरीचशी केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनी बांधली होती. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी १५ राज्यांत त्यांपैकी काही प्रत्यक्ष जाऊन पाहिली. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत आलेल्या त्या अहवालात म्हटलं होतं की पाहिलेल्यांपैकी ७२ टक्के स्वच्छतागृहांत आत वाहतं पाणी नव्हतं आणि ५५ टक्के ठिकाणी हात धुण्याची सोय नव्हती. भिंती उभ्या राहिल्या होत्या, पाणी आलं नव्हतं.

भिंतींसाठी पैसा एकदाच लागतो. तो मिळतो. रोजच्या सफाईसाठी महिन्याच्या महिन्याला लागतो, तिथे गाडी अडते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, सफाईला माणूस नसतो. समग्र शिक्षा योजनेतून पटावर अनुदान येतं. एकतीस ते शंभर पट असलेल्या शाळेला वर्षाला साधारण २५ हजार रुपये आणि त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. म्हणजे अडीच हजार, महिन्याला दोनशेच्या आसपास. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती उरलेल्यातून. दोनशे रुपयांत महिनाभर संडास घासायला कुणी येत नाही, आणि आलं तरी फिनेल कुठून आणायचं? मग उरतात मुलीच. अनेक शाळांत स्वच्छतागृहाची सफाई पाळीपाळीनं मुलींकडे असते आणि मैदान झाडणं मुलांकडे. याला कुणी भेदभाव म्हणत नाही, वळण म्हणतात.

केंद्र सरकारच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत या गोष्टी बारकाईनं लिहिल्या आहेत. आत पाणी हवं, कडी हवी, कपडे आणि पॅड कोरडे राहावेत म्हणून फळी किंवा खुंटी हवी, डाग पडलाय का ते पाहता यावं म्हणून आरसा हवा. लिहिणाऱ्याला मुलीची अडचण नेमकी ठाऊक होती. मी पाहिलेल्या एकाही स्वच्छतागृहात खुंटी नव्हती. एका ठिकाणी आरसा होता, तो कार्यालयात.

अपवादही भेटला. कर्जतच्या आतल्या भागातली एक लहान शाळा. मुख्याध्यापिकांनी किल्ली कार्यालयातून काढून ‘मीना-राजू मंच’ या विद्यार्थ्यांच्या गटातल्या मोठ्या मुलींकडे दिली आहे. भिंतीत त्यांनी स्वतः दोन खिळे ठोकले, झाकणाची बादली ठेवली, जुन्या चादरी फाडून खिडकीला पडदा केला. वर्गाच्या कपाटात पॅड, दोन परकर आणि एक गणवेशाचा जादा सेट असतो आणि कपाटाला कुलूप नाही. सफाईला गावातली एक बाई येते, तिचे पैसे शिक्षक वर्गणीतून देतात. वर्गणी किती दिवस टिकेल, असं विचारल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, “माझी बदली होईपर्यंत.”

ऊन नसलेले चार महिने

कपड्याला नावं ठेवायची अलीकडे रीत पडली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते २४ वयाच्या निम्म्या मुली-बायकांनी आपण कपडाही वापरतो असं सांगितलं. पॅड वापरणाऱ्या ६४ टक्के होत्या. म्हणजे बऱ्याच जणी दोन्ही वापरतात. शाळेत पॅड, घरी कपडा. सुट्टीत कपडा, पाहुण्यांकडे जाताना पॅड. हा हिशेब घरोघरी आहे आणि तो शहाणपणाचा आहे.

स्वच्छ धुतलेला, कडक उन्हात वाळवलेला सुती कपडा वाईट नाही. पुण्याच्या ‘समाजबंध’सारख्या संस्था जुन्या सुती कपड्यांपासून धुऊन पुन्हा वापरायचे पॅड शिवतात. पण या भागाची अडचण वेगळी. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत इथे ऊनच नाही. शाळेचा गणवेश चुलीवर धरून वाळवावा लागतो. पाळीचा कपडा चुलीवर, सगळ्यांसमोर, कोण वाळवणार? तो साडीखाली, दोरीच्या आतल्या अंगाला, छपराच्या वाशाला खोचून ठेवला जातो. तिथे तो वाळत नाही, दमट राहतो, बुरशी धरतो आणि पुढच्या महिन्यात तसाच वापरला जातो. मांड्यांना कातरे पडतात, खाज सुटते. उन्हाळ्यात नेमकं उलटं होतं. ऊन रग्गड, धुवायला पाणी नाही. जिथे दोन हंडे पाण्यासाठी तासभर उभं राहावं लागतं, तिथे त्यातलं अर्धी बादली रक्ताचा कपडा धुवायला मागणं ही घरात धिटाईची गोष्ट ठरते.

म्हणून या वाड्यांवर पॅड हवेच आहेत, हे म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पोरीबाळींसकट. भट्टीवर ना संडास, ना आडोसा. तिथे तर कपडा धुवायचाही प्रश्न मिटतो, कारण धुवायला जागाच नसते. पण त्या वेळी ती मुलगी शाळेच्या पटावर असली तरी शाळेत नसते, आणि शाळेमार्फत वाटलेलं पाकीट तिच्यापर्यंत जात नाही.

पाच रुपयांचं पाकीट

योजना कमी झाल्या नाहीत. २०११ मध्ये केंद्रानं आशाताईंमार्फत ‘फ्रीडेज’ नावाचे पॅड आणले. सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना, विकणाऱ्या आशाला पाकिटामागे एक रुपया. ८ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात ‘अस्मिता’ आली. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत, विक्री बचत गटांकडून. त्याच वर्षी २७ जुलैपासून पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. जनऔषधी केंद्रांत ‘सुविधा’ पॅड ऑगस्ट २०१९ पासून एका रुपयाला एक मिळू लागले.

‘अस्मिता’ कागदावर मला आवडली होती. मुलीला स्वस्त, गटातल्या बायकांना चार पैसे, गावातच पुरवठा. जमिनीवर ती कशी चालली ते बचत गटांतल्या बायकांना विचारा. मागणी मोबाइल ॲपवरून नोंदवायची. डोंगराच्या आड नेटवर्क नाही, तेव्हा त्यासाठी रस्त्यापर्यंत उतरायचं. माल एकगठ्ठा उचलायचा, त्याचे पैसे आधी भरायचे, आणि मुलींना विकून सुटणार पाकिटामागे एक रुपया. खोकी ठेवायची घरात, जिथे पावसात गळतं. पुन्हा मुलीनं पाकीट मागायला यायचं ते शेजारच्या काकूंच्या ओसरीवर, जिथे तिचे मामेभाऊ पत्ते खेळत बसलेले. पहिल्या वर्षी उत्साहानं झालं, मग ओसरलं, मग थांबलं. पाच रुपये ही अडचण फार थोड्या मुलींची होती. पाच रुपये घेऊन कुठे आणि कुणासमोर उभं राहायचं, ही जवळजवळ सगळ्यांची.

स्कॉटलंडनं २०२० मध्ये कायदा करून शाळा-विद्यापीठांत पॅड मोफत देणं बंधनकारक केलं, याचा दाखला आपल्याकडे भाषणांत हमखास येतो. चांगलंच आहे ते. पण तिथल्या शाळेत नळ सोडला की पाणी येतं आणि दार लावलं की लागतं. त्यांना शेवटची पायरी चढायची होती. आपण पहिल्या तीन सोडून चौथीवर उडी मारतो आणि पाय घसरला की योजनेचं नाव बदलतो.

प्रकरण उशिरा येतं

आता वर्गात जाऊ. बालभारतीच्या पुस्तकांत मानवी प्रजननसंस्था आणि ऋतुचक्र सविस्तर येतं ते दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये, ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या प्रकरणाच्या दुसऱ्या भागात. आकृती आहे, संप्रेरकांची नावं आहेत, मजकूर नेटका आहे. आणि मुलींना पाळी येते पाचवी ते आठवीच्या दरम्यान. म्हणजे पहिल्या पाळीनंतर दोन ते पाच वर्षांनी शाळा तिला अधिकृतपणे सांगते की हे काय होतं. तेही अनेक ठिकाणी ‘घरी वाचून या’ या सूचनेसह.

मधल्या काळात तिला कोण सांगतं? आईनं सांगितलेलं बहुधा सूचनांच्या स्वरूपात असतं. लोणच्याला हात लावू नकोस, देवाकडे जाऊ नकोस, पोरांत खेळू नकोस. ठाकूर-कातकरी घरांत विटाळ ब्राह्मण-मराठा घरांइतका कडक नाही, असं आशाताई सांगतात, आणि शिकून खोपोलीत नोकरीला लागलेल्या घरांत तो नव्यानं शिरतो असंही सांगतात. हे मला अनपेक्षित होतं. घरात फ्रीज आला, देव्हारा मोठा झाला, आणि मुलगी चार दिवस बाजूला बसू लागली.

अज्ञान आणि बेफिकिरी किती महाग पडतात याची उदाहरणं याच रेल्वेमार्गावर आहेत. मे २०२३ मध्ये उल्हासनगरात एका भावानं आपल्या १२ वर्षांच्या बहिणीच्या कपड्यांवर रक्त पाहिलं आणि तिच्यावर संशय घेतला. ती तिची पहिली पाळी होती. हे काय आहे, हे तिला सांगता आलं नाही. त्यानं तिला मारहाण करून ठार केलं. त्या घरात एकानं जरी विज्ञानाचं ते पान वेळेत वाचलं असतं तर! ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या मुलींवर स्वच्छतागृहातच अत्याचार झाले, आरोपी सफाईला ठेवलेला पुरुष कर्मचारी. त्यानंतर शाळाशाळांतून मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी-सावित्री समित्या आहेत का, याची शोधाशोध झाली. त्या स्थापन करायचा शासन निर्णय मार्च २०२२ चाच होता. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या शहापुरातल्या एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना एकत्र करून ‘कुणाची पाळी आहे’ हे शोधण्यासाठी त्यांचे कपडे उतरवून तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली, पोक्सो लागला. डाग सापडले कारण तिथे कुणाला तरी नीट बदलता आलं नव्हतं. प्रश्न पाण्याचा आणि बादलीचा होता, तपास मुलींचा झाला.

आपल्या राज्याला या विषयाची लाज नवी नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, लैंगिक शिक्षणासाठी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. त्यांच्याच महाराष्ट्रात २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारनं तो मागे घेतला. त्याचा धसका शिक्षकांच्या मनातून अजून गेलेला नाही. पालक काय म्हणतील, शाळा समिती काय म्हणेल, उद्या व्हिडिओ फिरला तर?

म्हणून मग काम बाहेरच्यांवर सोपवलं जातं. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मैत्री क्लिनिक चालतात, आशाताई आणि नर्सबाई शाळेत येतात, एखादी स्वयंसेवी संस्था किंवा पॅडची कंपनी येते. असा एक कार्यक्रम मी मागच्या बाकावर बसून पाहिला. मुलांना मैदानावर खेळायला सोडलं. दारं-खिडक्या लावल्या. पाहुण्या ताईंनी छान सांगितलं, चित्रं दाखवली, शेवटी विचारलं, काही शंका? कुणी हात वर केला नाही. मग चिठ्ठ्या लिहायला सांगितल्यावर चिठ्ठ्यांचा ढीग पडला. एका चिठ्ठीत होतं, पाळीत डोकं धुतलं तर वेड लागतं का. एकीत होतं, पांढरं जातं ते काय. आणि एका चिठ्ठीवर एवढंच होतं, “सरांना सांगा ना, किल्ली बाईंकडे ठेवायला.”

बाहेर मैदानावर मुलं खिडकीशी कान लावून होती. त्यांना या तासातून वगळण्यानं काय साधतं, मला कळलेलं नाही. डाग पाहून खिदळणारा हाच मुलगा, आणि दहा-बारा वर्षांनी कुणाचा तरी भाऊ, नवरा, मुख्याध्यापक होणाराही हाच. उल्हासनगरच्या घरातला अडाणी माणूस ती १२ वर्षांची मुलगी नव्हती.

आठवड्याला एक निळी लोहाची गोळी शाळेत मिळते, तिचीही गंमत आहे. देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. पण पाळीत अंगावरून किती जातं, किती दिवस जातं, हे गोळी देताना कुणी विचारत नाही. गोळीनं मळमळतं आणि शौच काळी होते हे आधी सांगितलेलं नसतं. पुढच्या आठवड्यापासून गोळ्या खिडकीबाहेर जातात.

आश्रमशाळेतली रात्र

कर्जत-खालापुरातल्या शासकीय आश्रमशाळा पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाखाली येतात. इथे नऊ तासांचा हिशेब चालत नाही, कारण मुलगी दिवसरात्र तिथेच आहे. पहिलीत आलेली मुलगी शाळेतच मोठी होते. पहिली पाळी आई नसताना येते, अधीक्षिका बाईंच्या किंवा मोठ्या मुलींच्या भरवशावर.

इथली रात्र महत्त्वाची. स्वच्छतागृह वसतिगृहापासून थोडं दूर, वाटेवरचा दिवा गेलेला, पावसात विंचू-सापाची भीती. मुली संध्याकाळी सातला जाऊन येतात ते पहाटेपर्यंत थांबतात. पहाटे शंभर मुली, थोडेच नळ, आणि आंघोळ उरकून प्रार्थनेला उभं राहायचं. त्या घाईत कपडा धुवायला आणि दोरीवर टाकायला सवड कुठली? तेल-साबणासारख्या वस्तूंचे पैसे थेट खात्यात जमा होऊ लागले. खातं बँकेत, बँक तालुक्याला, पासबुक बापाकडे. वस्तू देताना खाबूगिरी होत होती हे खरं, म्हणून पैसे सुरू झाले. पण १३ वर्षांच्या मुलीला पाळी आली त्या दिवशी पैसे नको असतात, पॅड हवं असतं.

जळतं कुठे

बदललेलं पॅड टाकायचं कुठे, या प्रश्नाला शाळांत तीन उत्तरं दिसतात. खड्ड्यात, शाळेमागच्या नाल्यात, किंवा संडासाच्या भांड्यात. तिसऱ्यामुळे शोषखड्डा तुंबतो, मग पुन्हा कुलूप. बाजारातल्या पॅडमध्ये वरखाली प्लास्टिक आणि आत लाकडाचा लगदा व पाणी धरून ठेवणारी रासायनिक भुकटी असते. ते कुजत नाही.

चौथं उत्तर देणगीतून येतं, पॅड जाळायचं विजेचं यंत्र. कित्येक ठिकाणी ते भिंतीवर आहे आणि बंद आहे. वीज नसते, तार जळलेली असते, किंवा आत अर्धवट जळलेला गोळा अडकलेला असतो. चालू असलं तरी कमी तापमानाला प्लास्टिक जाळल्यावर निघणारा विषारी धूर त्या खोलीतच कोंडतो, कारण धुराडं खिडकीबाहेर नेलेलंच नसतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. पुण्यातल्या ‘स्वच्छ’च्या कचरावेचक बायकांनी तर त्याआधीच वापरलेले पॅड कंपन्यांना परत पाठवले होते आणि पुढे लाल ठिपक्याची मोहीम चालवली, म्हणजे हातानं वेगळं करणाऱ्याला कळावं की आत काय आहे. खोपोली नगरपालिकेचं गाव, इथे घंटागाडी येते. वाडीत येत नाही. वाडीत मुलगी अंधार पडल्यावर जाऊन पुरते, आणि कुत्री उकरतात.

कॉलेज आणि लोकल

कॉलेजात गेलं की किल्लीचा प्रश्न सुटतो, प्रवासाचा वाढतो. खोपोलीतून कर्जत, बदलापूर, कल्याणकडे शिकायला जाणाऱ्या मुलींचा दिवस लोकलवर. कर्जत-खोपोली शटलच्या दोन गाड्यांत मोठा खंड असतो. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही मधली स्टेशनं. लोकलमध्ये शौचालय नसतं. मुंबईत २०११ पासून बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ चळवळ चालवली, ती मुख्यतः शहरासाठी होती. इथली मुलगी सात-साडेसातची गाडी पकडते तेव्हा पुढचा बदल कुठे करता येईल, हे डोक्यात धरूनच निघते.

विद्यापीठांनी हजेरीचा धाक ठेवला आहे, ७५ टक्क्यांचा. केरळात कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठानं जानेवारी २०२३ मध्ये विद्यार्थिनींना प्रत्येक सत्रात दोन टक्क्यांची सवलत दिली. आपल्याकडे अशी सवलत सरसकट आली तर मला वाईट वाटणार नाही, पण मुलींशी बोलताना त्यांनी सुट्टी मागितली नाही. त्यांनी मागितलं ते मुलींच्या खोलीत एक पलंग, गरम पाण्याची पिशवी आणि चालू पंखा.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका जनहित याचिकेवर केंद्राला शाळकरी मुलींच्या पाळीच्या स्वच्छतेसाठी देशभर एकसमान धोरण आखायला सांगितलं. धोरण हवंच. कार्यालयातली किल्ली कुठल्या खिळ्याला टांगायची, हे मात्र शाळेतच ठरतं.

दिवाळीत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, शाळेला काही द्यायचं ठरतं, आणि कुणीतरी पॅडच्या खोक्यांचं नाव काढतं. या वेळी आधी शाळेत जाऊन या. मुख्याध्यापकांना न विचारता आठवीच्या मुलींना विचारा. आतपर्यंत नळ न्यायला प्लंबर दोन हजारांत तयार होतो, कडी शंभर-दीडशेची, झाकणाची बादली दोनशेची, खिळे फुकट. ते झालं की गावातल्या एका बाईला सफाईसाठी वर्षभराचा पगार देण्याची वर्गणी काढा, आणि पुढच्या दिवाळीत ती पुन्हा काढा. पाटी लावायचा आग्रह धरू नका. दारावर जागा कडीलाच लागते.